दोन ठोक्यांमधली शेंग

आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई मराठीत म्हणाली, मग हिंदीत म्हणाली, मग इंग्रजीत म्हणाली, आणि तिन्ही भाषांत महत्त्व सिद्ध झाल्यावर जयसिंग ओव्हाळांना होल्डवर ठेवण्यात आलं. मंगळवार, दुपारचे सव्वाबारा. विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली. मांडीवर फोन, शेजारी फाइल, फाइलवर मुलीच्या, अक्षताच्या, अक्षरातली पिवळी चिठ्ठी: ‘फोन बंद करणे. ३१च्या आत. बाबा, प्लीज.’ एक तारखेला त्यांना हडपसरला अक्षताच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं होतं. सातवा मजला, दोन लिफ्ट, एक पोहण्याचा तलाव. जयसिंगांना पोहता येत नव्हतं, पण तलावाचा महिन्याचा खर्च सगळ्यांना सारखाच होता म्हणे. फोनमध्ये संगीत लागलं. अशा ठिकाणी लागतं तसंच. न आवडण्याइतकंही त्यात काही नव्हतं. वर गुळगुळीत सॅक्सोफोन, खाली तारेच्या ब्रशांनी हलकेच घासलेला ड्रम. पाचव्या-सहाव्या ठोक्याला जयसिंगांनी फोन कानाला घट्ट दाबला, कारण तो ड्रम ते स्वतः वाजवत होते.

म्हणजे ते तर फोन कानाला लावून बसले होते. पण माणसाला स्वतःची खोकल्याची उबळ दुसऱ्या खोलीतून ऐकू आली तर ओळखू येणार नाही का? तो डावा ब्रश कातड्यावरून किंचित फरफटत यायचा, लहानपणी करंगळी मोडून वाकडी बसली होती म्हणून. जगात दुसऱ्या कुणाची तशी करंगळी असेल, तर ती ड्रमवाल्याची असण्याचं कारण नव्हतं. फरफट त्यांची होती, गाणं मात्र त्यांनी जन्मात वाजवलं नव्हतं. आणि मग त्या फरफटीच्या मागोमाग, ठोका विरता विरता, एक बारीक आवाज आला. टच्. ओली शेंग मोडल्यासारखा. जयसिंगांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, आत ओटा होता, ओट्यावर पालथं पातेलं होतं. बाकी जे नव्हतं ते पाच वर्षांपासून नव्हतं.

“थँक यू फॉर होल्डिंग, सर. मी दीपाली. काय मदत करू शकते आपल्याला?”

“परत ठेवा,” जयसिंग म्हणाले.

“सर?”

“होल्डवर. जरा परत ठेवा. ऐकायचं राहिलं.”

“सर, आपला प्रॉब्लेम काय आहे?”

प्रॉब्लेम फोन बंद करण्याचा आहे, असं जयसिंगांनी सांगितलं. दीपालीने कीबोर्डवर टकटक केलं. “सर, कनेक्शन शालू जयसिंग ओव्हाळ यांच्या नावावर आहे. आम्हाला खातेदाराशीच बोलावं लागतं. मॅडम आहेत का?”

“आत्ता नाहीत.”

“कधी असतील?”

“ते सांगता येत नाही.”

“ओके सर. मॅडम आल्या की कॉल करा. हॅव अ ग्रेट डे.” यात जयसिंग एक शब्दही खोटं बोलले नव्हते. फाइलमध्ये दाखला होता, महापालिकेच्या शिक्क्याचा. एक वाक्य बोलायचं, दाखला पाठवायचा, संपलं. अक्षताने ते वाक्य इंग्रजीतून लिहूनसुद्धा दिलं होतं. बँकेत, रेशनच्या दुकानात, मतदारयादीवाल्याला अक्षतानेच सांगितलं होतं. जयसिंगांनी ते अजून कुणालाही आपल्या तोंडाने सांगितलं नव्हतं, आणि पाच वर्षांत त्यावाचून काही अडलंही नव्हतं.

शालूनेच तो फोन घेतला होता. सरकारी फोनसाठी नाव नोंदवून आठ वर्षं झाली होती, आणि नव्व्याण्णव साली एक टाय लावलेला मुलगा दारात येऊन म्हणाला होता, चार दिवसांत देतो. शालूने त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि अर्जावर स्वतःचं नाव घातलं. “तुमचं नाव कशाला? तुम्ही कुठे घरी असता?” असं म्हणाली. तेव्हा जयसिंग घरीच असायचे, सकाळ-संध्याकाळ. पण तिच्या हिशेबात ते अजून कॅम्पातल्या हॉटेलात होते, पांढरा कोट घालून, लोबोच्या बँडमध्ये. ती सवय तिने मोडली नव्हती. काही बायका नवऱ्याला नोकरी सुटल्यावरही डबा देतात, तसं.

आणि डबा म्हटल्यावर शेंगा आठवल्या. शहाण्णवचा फेब्रुवारी, सदाशिव पेठेतलं तळघर. आधी तिथे टायपिंगचा क्लास होता. आता भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून सौरभ नावाच्या पोराने स्टुडिओ काढला होता. सौरभला ड्रमवादन नको होतं, ठोके हवे होते. एकेक. सुटे. “काका, एक मारा. मग थांबा, आवाज पूर्ण जाऊ द्या. मग दुसरा. मधे मारा, काठाला मारा, जोरात, हळू, ब्रशने, काठीने. मी एकेक कापून कॉम्प्युटरमध्ये ठेवतो. मग कुणीही, कुठेही, आपल्याला हवं तसं लावून घेईल.” म्हणजे सुपारी फोडून ठेवतात तसं. जयसिंगांनी विचारलं, “मग वाजवेल कोण?” सौरभ म्हणाला, “वाजवायला कशाला कोण लागतंय, काका?” त्यात दुष्टपणा नव्हता. ती माहिती होती. लोबो, ज्याच्या तोंडी जयसिंगचं जेसी झालं होतं, वर्षानुवर्षं ओरडायचा की ठोका कुणीही मारतो, जेसी, दोन ठोक्यांच्या मधे तू काय करतोस ते सांग. आणि इथे दोन ठोक्यांच्या मधलं तेवढं कापून टाकायचं ठरलं होतं. जयसिंगांनी ठोका मारायचा, सहा सेकंद पुतळ्यासारखं बसायचं, पुन्हा ठोका. अडीचशे ठोके. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मधली जागा पूर्ण रिकामी ऐकू येत होती, आणि ती रिकामी नव्हती. कोपऱ्यात शालू बसली होती. मंडईतून येताना थांबली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत मटार. घरी जाऊन सोलायला उशीर व्हायचा म्हणून इथेच सोलत होती.

“काकू, आवाज येतो,” सौरभ काचेमागून म्हणाला.

“मी कुठे बोलतेय?”

“शेंगांचा येतो.”

“शेंगांचा येणारच. त्या मटाराच्या आहेत, कापसाच्या नाहीत. तुझं यंत्र इतकं हुशार आहे ना, त्याला सांग ऐकू नकोस.”

सौरभने यंत्राला सांगितलं असावं. ‘फिल्टर करू’ असं म्हणून गप्प झाला. सदाशिव पेठेत राहून त्याला शालूपुढे बोलता येईना, याचं जयसिंगांना बरं वाटलं होतं. ठोका. टच्. ठोका. टच्. मधूनच एखादा कोवळा दाणा ती तोंडात टाकायची, तेव्हा तेवढा खंड पडायचा. जाताना तिने सौरभच्या हातावर मूठभर दाणे ठेवले होते आणि म्हणाली होती, “हे फिल्टर कर.”

तर, एखाद्या ठोक्याच्या शेपटाला एखादी शेंग चिकटून राहिली असणार, असं जयसिंगांनी त्या मंगळवारी स्वतःला समजावलं. कुणीतरी तो ठोका घेतला, गाण्यात लावला, गाणं फोन कंपनीने घेतलं. गूढ काहीच नव्हतं. देशाची आर्थिक प्रगती होती. बुधवारी त्यांनी पुन्हा फोन केला. अकरा मिनिटं होल्ड मिळाला. कागदाच्या पाठीवर त्यांनी रेघा मारल्या: ठोका चिकटलेला असेल तर दर वेळी तो ठोका आला की शेंग यायला हवी. ती आलीही, चौथ्या बारच्या, म्हणजे चार मात्रांच्या चौथ्या गटाच्या, शेवटी, दोनदा. तिसऱ्यांदा नाही आली. चौथ्यांदा मधेच आली, जिथे ठोकाच नव्हता. गुरुवारी दोन शेंगा पाठोपाठ आल्या आणि मग बराच वेळ काही नाही. जयसिंग पेन्सिल धरून थांबले. मग त्यांना त्या थांबण्याचा अर्थ समजला. ती दाणा खात होती.

त्यानंतर त्यांनी रेघा मारणं सोडलं. रोज दुपारी जेवण उरकून, हात धुऊन, ते फोनपाशी बसत. कंपनीची सेवा चांगली होती हीच मोठी अडचण होती. कधी दोन मिनिटांतच कुणीतरी उचले. मग ते गुंतागुंतीच्या शंका काढत. बिलावरच्या अमुक कराचा अर्थ काय, तमुक योजना चालू आहे का, आपल्या वरिष्ठांना विचारून सांगता का. “विचारते सर, होल्ड करता का?” “अवश्य,” असं ते इतक्या उत्साहाने म्हणत, की पलीकडचा माणूस दचकत असावा. उभ्या पुण्यात होल्डवर ठेवल्याबद्दल आभार मानणारा ग्राहक कंपनीला दुसरा मिळाला नसेल. फिरून फिरून बरेचदा दीपालीच उचलायची. एकदा जयसिंगांनी विचारलं, “तुमच्या त्या गाण्यात एक आवाज येतो बघा, शेंग मोडल्यासारखा.”

“सर, होल्डचं म्युझिक आम्हाला ऐकू नाही येत. ते फक्त कस्टमरला.”

“तुम्ही कधीच ऐकलं नाही?”

“नाही सर. चार वर्षं झाली मला. कसं आहे?”

ड्रम बरा आहे, असं जयसिंग म्हणाले.

पुढच्या आठवड्यात, शनिवारी, अक्षता खोकी घेऊन आली. तिने भांडी कागदात गुंडाळली, पुस्तकं बांधली, आणि कोपऱ्यातल्या चादरीखाली झाकलेल्या वस्तूपाशी थांबली. चादरीखाली उरलेला एकच ड्रम होता, पसरट, पोटाला तारा लावलेला. बाकीचा संच कधीच गेला होता. “हा तिकडे चालेल बाबा, पण वाजवता नाही येणार हं. सोसायटीचा रूल आहे.” जयसिंगांनी फोन तिच्या कानाला लावला. “ऐक.” तिने ऐकलं. इंजिनिअर होती, नीट ऐकलं तिने, भुवया एकत्र आणून. टच्, असं जयसिंगांना हातभर अंतरावरूनही स्पष्ट ऐकू आलं. “लाइनला नॉइज आहे थोडा,” अक्षता म्हणाली. मग तिने त्यांच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि तिचा आवाज एकदम डॉक्टरच्या दारात बसल्यासारखा झाला. “बाबा, तुम्ही आईचं सांगितलं ना त्यांना?” “सांगतो.” “एक सेंटेन्स आहे फक्त.” जयसिंगांना वाटलं, हिला सांगावं की वाक्यं काय, ठोक्यांसारखीच असतात. कुणीही मारतो.

रविवारी कंपनी चालू असे, पण जयसिंगांनी फोन केला नाही. भीती वाटली. कशाची, ते नीट ठरवता येईना. भूत म्हणावं तर वडिलांनी त्या सगळ्याचा निकाल छप्पन सालीच लावला होता. धोंडिबा पुरंदरकडच्या गावात गावकीचं डफडं वाजवायचे. पाटलाचं लग्न असो, बैलपोळा असो, पाहुणा असो, हे उन्हात पुढे उभे. त्या ऑक्टोबरात धम्म घेऊन परतल्यावर त्यांनी देव्हारा उतरवला, भुताखेतांना रजा दिली आणि डफडं फोडून चुलीत घातलं. त्या दिवशी भाकऱ्या नेहमीपेक्षा छान फुगल्या, असं ते पुढे सांगायचे. मग खडकीचा कारखाना, विश्रांतवाडीची जागा, आणि दहा वर्षांनी एका संध्याकाळी मुलाच्या पिशवीत दोन काठ्या सापडल्या.

“आरं, वाजवायचं सुटावं म्हनून येवढं केलं, आन् तू पुन्ना काठ्या धरल्यास?”

“हे वेगळं आहे, आबा.”

“काय येगळं हाय?”

जयसिंगांनी पुष्कळ विचार केला होता. जाझ म्हणजे काय, ते त्यांनाही अजून सांगता येत नव्हतं. “हे बसून वाजवतात,” ते म्हणाले.

“बसून? कशाव?”

“स्टुलावर.”

“आन् फुडं कोन आसतं?”

“साहेब लोक. ते उभे असतात. नाचतात.”

धोंडिबांनी काठ्या परत पिशवीत ठेवल्या. चिलीम नव्हती, नाहीतर ओढली असती. “मंग वाजव,” म्हणाले. जयसिंगांना पुढे अनेकांनी अनेक प्रमाणपत्रं दिली, पण त्या संगीताचं इतकं नेमकं परीक्षण कुणाला जमलं नाही. सदाशिव पेठेत एकदा हौसेने कार्यक्रम ठेवला होता, दीड तास वाजवल्यावर पहिल्या रांगेतले एक गृहस्थ आत येऊन म्हणाले, “छान. फक्त तुमचं लावून कधी झालं आणि वाजवणं कधी सुरू झालं, तेवढं कळलं नाही.” लोबो म्हणायचा, जेसी म्हणजे घड्याळ आहे. हॉटेलात वेटरांच्या टेबलापाशी शालू बसायची, पदर खांद्यावरून घेऊन, समोर लिंबू सरबत. तिला संगीतातलं काही कळत नव्हतं आणि तिचं ऐकण्यावाचून जयसिंगांची सुटका नव्हती. त्यांना सगळ्यात आवडायचं ते चार-चारचं वाजवणं: चार बार सगळा बँड वाजवणार, मग गप्प, आणि ते चार बार ड्रमवाल्याचे एकट्याचे, पुन्हा चार त्यांचे, चार याचे. संभाषणच ते. एकाने बोलायचं तेव्हा दुसऱ्याने थांबायचं, जे पुण्यात एरवी अशक्य. टाळ्या पडायच्या. आणि घरी येताना, आळंदी रस्त्यावर सायकलच्या मागे बसून, शालू म्हणायची, “घाई केलीत.”

“कुठे?”

“शेवटी. तुमचे ते एकट्याचे चार असतात ना, तिथे. कुणी मधे बोलेल म्हणून भ्यायल्यासारखे.”

“लोबो म्हणतो मी घड्याळ आहे.”

“मग घड्याळ पुढे आहे.”

हे तिने अठरा वर्षं म्हटलं. पंच्याऐंशीच्या सुमारास हॉटेलात एक विजेची पेटी आली, तिच्यातून ड्रम वाजायचा, तिला जेवण लागायचं नाही, आणि ती घाई करायची नाही. लोबो गोव्याला गेला. जयसिंग शिकवण्या करू लागले; पोरांना दोन महिन्यांत बँड काढायचा असायचा. मग सगळीकडे काचेच्या इमारती आल्या, त्यांच्या उद्घाटनांना सूट घालून वाजवायला बोलवायचे, लोकांना बोलता यावं इतपत हळू. शेवटच्या दिवसांत, सगळं शरीर सुकलं होतं तेव्हा, शालू ससूनच्या खाटेवर पडून त्यांच्या बोटांकडे बघायची. खाटेच्या लोखंडी कडेवर त्यांची बोटं आपोआप चालायची. तिने हात ठेवून ती थांबवली नाही. नुसती म्हणाली, “घाई करताय.” तेच शेवटचं. बाकी माणसांना शेवटचं बोलणं बरंच मोठं मिळतं, असं ऐकून होते.

सोमवारी, एकतीस तारखेला, खोकी दारापाशी लावून झाली होती. टेम्पो उद्या सकाळी येणार होता. फोनची वायर जमिनीवरून गेलेली, खोलीत फक्त ती, फोन, एक स्टूल, चादरीखालचा ड्रम. जयसिंगांनी चादर काढली. ब्रश शोधून ठेवले होते. काल ठरवलं होतं: शेवटचं एकदा ऐकायचं, आणि मग ते वाक्य म्हणायचं. दीपालीनेच उचललं, लगेच. होल्ड नाही, काही नाही. कधी नव्हे ती सेवा तत्पर.

“सर, गुड आफ्टरनून! मॅडम आहेत का आज?”

जयसिंगांनी तोंड उघडलं. बाहेर रिक्षा गेली. “माझी बायको वारली,” ते म्हणाले. “पाच वर्षं झाली. दाखला आहे.” मराठीतून म्हणाले, अक्षताची चिठ्ठी मागेच पडली.

पलीकडे टकटक थांबली. “सॉरी सर. मला... सर, तुम्ही म्हणाला होतात, आत्ता नाहीत.”

“हो.”

“मी बंद करायची रिक्वेस्ट टाकते. दोन मिनिटं होल्ड करता का, सर?”

“अवश्य,” जयसिंग म्हणाले, पण आज आवाज चढला नाही. त्यांनी फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवला. संगीत लागलं. बासरी. बासरीच्या मागे पाण्याचा खळखळाट, पक्षी. ड्रमचा पत्ता नव्हता. गाणं बदललं होतं. कंपनीने एक तारखेची वाटसुद्धा पाहिली नव्हती. जयसिंग स्टुलावर बसून राहिले. पक्षी ओरडत होते. हे तर त्यांच्या हिशेबात नव्हतंच. त्यांनी वाक्य म्हटलं होतं आणि त्या बदल्यात दोन मिनिटं मिळायची होती; वाक्य गेलं आणि दोन मिनिटं पक्ष्यांना. अडीचशे ठोक्यांपैकी एकही उरला नव्हता. पहिल्यांदाच, पाच वर्षांत पहिल्यांदाच, खोलीत कुणी नव्हतं.

करंगळी आपोआप दुमडली. डावा ब्रश कातड्यावर फिरला, किंचित फरफटत. बासरीखाली त्यांनी एक बार धरला, दुसरा, तिसरा, चौथा. आणि थांबले. चार माझे झाले. आता चार तुझे. ब्रश हवेत. लोबो म्हणायचा तसं, थांबणंही वाजवायचं असतं. एक बार गेला. पाणी खळखळलं. दुसरा गेला. त्यांना वाटलं, पुढे व्हावं, भरून टाकावं, हात शिवशिवत होते. तरी धरून ठेवले. तिसरा. तिसऱ्याच्या शेवटी, फोनमधून नव्हे, मागून, टच्. जयसिंगांनी मान वळवली नाही. चौथा बार पूर्ण होऊ दिला असता तर बरं झालं असतं, पण नाही झालं. हात सुटले, आणि त्यांनी आपले चार एका मात्रेने आधीच सुरू केले. जोरात, भरभर, आयुष्यभर केले तसे. त्या गडबडीत बासरी थांबलेलीही त्यांना कळली नाही.

“थँक यू फॉर होल्डिंग, सर... हॅलो? सर?”

ब्रश थांबले. “हं.”

“रिक्वेस्ट झाली आहे, सर. उद्यापासून बंद. सर, तुमच्यामागे कुणी आहे का?”

“का?”

“मागून कुणी तरी बोलताहेत. ‘घाई करताय,’ म्हणाल्या.” दीपालीचा आवाज जरा दुखावलेला होता. “मी घाई नाही करत आहे सर. तुमच्या मॅडमना... म्हणजे ज्या कुणी असतील त्यांना सांगा, टेक युअर टाइम. आमचे कॉल रेकॉर्ड होतात.”

जयसिंगांनी फोन ठेवला नाही, तसाच जमिनीवर चालू राहू दिला. स्टूल थोडं पुढे ओढलं, पाठ स्वयंपाकघराच्या दाराकडेच ठेवली. ब्रश उचलले. एक, दोन, तीन, चार, असं तोंडातल्या तोंडात मोजलं, आणि या वेळी चारनंतर आणखी थोडं थांबले.